वीतभर जमिनीची विद्या

उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या मराठा सेक्शनमध्ये आमच्या चाळीसमोर थोडी मोकळी जागा आहे, दोन रिक्षा उभ्या राहतील एवढीच. नववीतल्या माझ्या भाच्याने एका रविवारी सकाळी तिथे आपला नवा मेटल डिटेक्टर पहिल्यांदा सुरू केला. यंत्र अगदी साधं, शिकाऊ माणसासाठी असतं तसं. कोपरापासून पावलापर्यंत येणारी दांडी, टोकाला ताटलीएवढी चकती, मुठीजवळ एक छोटा पडदा आणि चार बटणं. चकती जमिनीवर आली आणि यंत्र वाजायला लागलं. एक पाऊल पुढे गेला, पुन्हा वाजलं. डावीकडे, उजवीकडे, पायरीजवळ, नळाजवळ, कुठेच ते गप्प बसेना.

"मामा, बिघडलेलं दिलंय वाटतं. बदलून घेऊ या?" त्याचा चेहरा उतरला होता.

मी खुरपं आणलं. हातभर लांब, हातभर रुंद जागा आम्ही वीतभर खोल उकरली. घमेल्यात काय काय जमलं ते त्याने वहीत लिहून ठेवलं: स्लॅबच्या सळया बांधायच्या तारेचे नऊ तुकडे, पाच खिळे, सोड्याच्या बाटलीची दोन झाकणं, जीन्सचं एक बटण, पुड्यांची चंदेरी आणि एक गंजलेलं बिजागर. यंत्र प्रत्येक वेळी खरं बोललं होतं. त्याची भाषा आम्हाला अजून येत नव्हती, एवढंच. ती भाषा कशी शिकायची, ते या प्रकरणात सांगायचं आहे.

जमीन गप्प का बसत नाही

आधी या जमिनीबद्दल. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. पत्र्याची छपरं, लोखंडी कैच्या, खिळे, बोल्ट, तारांची कुंपणं हे सगळं त्याच्याबरोबर आलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीच्या नावावरून वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. लष्कराचे 'कॅम्प' मात्र पत्त्यात कायमचे राहिले. पुढे बराकी पाडून घरं झाली, घरांच्या इमारती झाल्या, गल्लीबोळांत जीन्स शिवण्यापासून लेथ मशीनपर्यंतचे कारखाने सुरू झाले. ऐंशी वर्षं इथे माणसांनी काही ना काही ठोकलं, जोडलं, कापलं आणि टाकलं. त्याचा चुरा पायाखाली आहे.

दुसरं कारण त्याहून फार जुनं. अंबरनाथ, बदलापूर, मलंगगड हा सगळा टापू सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. खात्री करायची असेल तर एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कोरड्या ओढ्याच्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळ्या कणांची दाढी चिकटते. डिटेक्टरला ही माती पूर्ण मुकी लागत नाही, ती मंद गुणगुणत असते. परदेशातल्या मऊ, फिक्या मातीत वीतभर खोलीवरचं नाणं सहज सांगणारं यंत्र आपल्याकडे त्याहून कमी खोलीवर अडखळतं, ते यामुळे.

चकतीच्या आत काय चालतं

चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलत वाहते. सुरुवातीच्या यंत्रांत ही संख्या साधारण पाच हजार ते अठरा हजारांच्या दरम्यान असते. अशा विजेभोवती तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि जमिनीत उतरतं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. हे भोवरे स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र उभं करतात. दुसरं वेटोळं कान लावून बसलेलं असतं, ते हा प्रतिसाद पकडतं.

प्रतिसाद थोडा उशिराने येतो आणि त्या उशिरात सगळी गंमत आहे. चांदी आणि तांबं विजेला सहज वाट देतात, त्यांच्यातले भोवरे रेंगाळतात, म्हणून उशीर जास्त. पातळ ॲल्युमिनियमच्या चंदेरीत ते लगेच विरतात. लोखंड तर चुंबकाला स्वतःही साद देतं, त्यामुळे त्याचा नूरच वेगळा. यंत्र हा उशीर मोजतं आणि त्याचा आकडा पडद्यावर दाखवतं, किंवा आवाज चढा-उतरा करतं. लोखंडाला खर्ज, चांदीला वरची पट्टी.

इथे नवशिक्याने एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी. यंत्राला धातूचं नाव कळत नाही, फक्त त्याचा प्रतिसाद कळतो. सोन्याची नाजूक अंगठी आणि चुरगळलेली चंदेरी यांचे आकडे पुष्कळदा शेजारी शेजारी येतात. कचरा ऐकायला नको म्हणून तो पट्टा बंद केला, तर अंगठीही मुकी होते. या बंद करण्याच्या सोयीला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. पहिले काही आठवडे ती वापरूच नये. सगळं ऐकावं, सगळं तपासावं.

या विद्येचा पहिला मोठा धडा एका अपयशातून मिळालेला आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. गोळी शरीरात कुठे अडकली ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी वेटोळ्यांचं एक यंत्र तयार केलं. जुन्या लढाईतली गोळी अंगात राहिलेल्या माणसावर त्यांनी ते आधी तपासून पाहिलं, तिथे ते चाललं. राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं तेव्हा मात्र जागोजागी घुमत राहिलं. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो उजव्या बाजूला आणि गोळी होती डावीकडे. गारफिल्ड १९ सप्टेंबरला वारले. भोवतालचा धातू आणि मनात आधीच पक्कं केलेलं उत्तर, या दोन गोष्टी आजही शिकाऊ माणसाला फसवतात. भाच्याला ही हकिकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपलं अंगण त्या खाटेसारखं आहे." त्याला बरोबर समजलं होतं.

पहिला आठवडा: खणायचं नाही

शिकायची सुरुवात घरातच करावी. यंत्र लाकडी टेबलावर आडवं ठेवा, चकती बाहेर काढा आणि तिच्यासमोरून एकेक वस्तू फिरवा. हातातली अंगठी, कडं, खिशातल्या किल्ल्या आणि मोबाइल दूर ठेवा. टीव्ही, वायफायचा डबा, ट्यूबलाइट जवळ असतील तर यंत्र विनाकारण बडबडतं. तेव्हा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कानाची तीक्ष्णता, कमी करायची. डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं असलेल्या आमच्या गल्लीत ती निम्म्यावर आणावी लागली. नवशिक्याला वाटतं की ती जितकी जास्त तितकं यंत्र चांगलं. गडबडीच्या जागी मात्र कमी तीक्ष्ण कान जास्त खरं ऐकतो.

नाण्यांची परीक्षा आपल्या देशात वेगळी होते, हे परदेशी यंत्राबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही. १९९२ पासून आलेला ४.८५ ग्रॅमचा छोटा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे. त्यात सुमारे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम असतं, म्हणून तो चुंबकाला चिकटतो. डिटेक्टर त्याला कधी लोखंडाच्या खर्जात ढकलतो, तर कधी चपट्या आकारामुळे फसवा उंच आवाज देतो. यंत्रावर 'नाणी' असं बटण असेल तर ते दुसऱ्या देशांच्या नाण्यांसाठी बेतलेलं असतं आणि आपला रुपया त्यातून निसटू शकतो. त्याउलट आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा स्वच्छ वाजतो, कारण तो काशाचा आहे. १९४३ ते १९४७ या युद्धटंचाईच्या काळात सरकारने धातू वाचवायला नाण्याच्या मधोमध भोक पाडलं. म्हणजे इथला लष्करी कॅम्प आणि भोकाचा पैसा एकाच काळातले. ॲल्युमिनियमची हलकी पाच, दहा, वीस पैशांची नाणीही वेगळा आकडा देतात. भाच्याने वहीत दोन रकाने आखले, वस्तू आणि तिचा आवाज. चाळीस वस्तू झाल्या तेव्हा त्याचा कान तयार व्हायला लागला होता.

दुसरा आठवडा: आपणच पुरा, आपणच शोधा

मग मोठ्या कुंडीत किंवा स्वतःच्या परसात एक सरावाचा वाफा करावा. मातीतला जुना धातू आधी काढून टाका. मग ५, १० आणि १५ सेंटीमीटर खोलीवर एकेक नाणं पुरा. एका नाण्याच्या शेजारी चार बोटांवर खिळा ठेवा. खुणेला आइस्क्रीमच्या काड्या रोवा.

आता हात फिरवायला शिकायचं. चकती जमिनीपासून दोन बोटं वर, जमिनीला समांतर. आपण झाडू मारताना टोकाला मनगट उचलतो, तसं इथे अजिबात करायचं नाही, कारण चकती उचलली की खोली गेली. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला जायला सेकंद-दीड सेकंद लागू द्या. पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे, अंगण सारवताना पोतेरं फिरवतो तसा. बहुतेक यंत्रं चकती हलत असतानाच ऐकतात. एका जागी धरली तर गप्प होतात. नेमकी जागा दाखवण्यासाठी पिनपॉइंटचं बटण वेगळं असतं.

सरावाच्या वाफ्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळते ती खोलीची. चुंबकीय क्षेत्र जाताना अंतराच्या घनाने विरळ होतं आणि छोट्या वस्तूकडून परत येतानाही तसंच. दोन्ही मिळून सहावा घात. ढोबळ हिशेबाने, १० सेंटीमीटरवरचं नाणं २० सेंटीमीटरवर गेलं तर त्याची हाक ६४ पट क्षीण होते आणि ४० सेंटीमीटरवर ४,०९६ पट. म्हणून शिकाऊ यंत्राचं राज्य वीतभर जमिनीपुरतंच. हंड्याएवढी वस्तू आणखी थोडी खोल असली तरी कळते, पण निसर्गाचा नियम कोणत्याही जाहिरातीपुढे वाकत नाही.

पहिलं शेत

दिवाळीनंतर भाताची कापणी झाली. बदलापूरच्या पुढे भाच्याच्या आजोबांची भातखाचरं आहेत. जमीन घरची असली तरी परवानगी मागायचीच, असं मी त्याला बजावलं होतं. त्याने विचारलं, "आजोबा, खालच्या खाचरात मशीन फिरवू का?"

"फिरव. पण बांध मोडायचा नाही. आणि खड्डा उघडा ठेवलास तर बैलाचा पाय मोडेल, ध्यानात ठेव."

कापणीनंतरची ओलसर जमीन हा शिकायचा उत्तम काळ. माती मऊ असते, पीक नसतं. उन्हाळ्यात हीच जमीन पहारीलाही दाद देत नाही. कॅम्प ४ च्या अंगणात कोकलणारं यंत्र इथे पहिली पाच मिनिटं गप्प होतं. ती शांतता ऐकून भाच्याच्या तोंडावर हसू आलं.

आवाज आला की लगेच वाकायचं नाही. चकती पुन्हा त्याच जागेवरून न्यायची, उजवीकडून आणि डावीकडून. मग स्वतः काटकोनात फिरून पुन्हा. चारही बाजूंनी तोच आवाज, तोच आकडा आला तर खणण्यात अर्थ आहे. एका दिशेने वाजून दुसरीकडून तुटत असेल तर बहुधा लांबट खिळा, किंवा खनिज भरलेला दगड. खणताना खुरप्याने तीन बाजूंनी ढेकूळ कापायचं आणि झाकणासारखं उलटायचं. सुटी माती कापडावर घ्यायची. वस्तू मिळाली तरी चकती खड्ड्यावरून पुन्हा एकदा फिरवायची. मग माती परत भरून ढेकूळ पायाने दाबायचं.

त्या दिवशी काय मिळालं? विळ्याचं मोडकं पातं, गाडीच्या बैलाच्या खुराला मारतात ती पत्री, टॉर्चचं झाकण, दोन पितळी घुंगरं आणि वीस पैशांचं एक ॲल्युमिनियमचं नाणं. बाजारात या सगळ्याचे दहा रुपये आले नसते. आजोबांनी घुंगरं तळहातावर घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि एका पोळ्याची गोष्ट सांगायला बसले. घरातल्या कुणीच ती आधी ऐकली नव्हती.

जिथे हात लावायचा नाही

कॅम्प ४ पासून जवळच, वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचं शिवमंदिर आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० ची नोंद आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातलं ते बांधकाम. डिटेक्टर हातात आला की मुलांचे डोळे आधी तिकडेच वळतात. तिथे जायचं ते दर्शनाला आणि कोरीव काम पाहायला. हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. संरक्षित क्षेत्रात पुरातत्त्व खात्याच्या परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे. गडकिल्ले आणि जुनी गावठाणं इथेही हाच संयम पाळावा. कारण निव्वळ कायद्याचं नाही.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा हा मोठा बोलका पुरावा आहे. तो साठा मूठमूठ वाटला गेला असता तर सुटी नाणी एवढं बोलली नसती. आता उलट उदाहरण. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना धातूचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. ती शिल्पं अप्रतिम आहेत आणि सुदैवाने जपली गेली. पण ती मातीच्या नेमक्या कोणत्या थरातून आली याची शास्त्रीय नोंद नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद राहिले. वस्तू हाती आली, तरी तिचा भोवताल हरवला की तिचं अर्धं बोलणं हरवतं.

म्हणून कायदा नीट समजून घ्यावा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किती मोलाचं, कुठे आणि कधी. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी हमी द्यायची. लपवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं तर मात्र कायदा हक्क देतो. ठेव बेवारस ठरली आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेला भाग मालकाला. सरकारने ती स्वतःकडे ठेवायची ठरवली, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत, हेही लक्षात असू द्या.

दोन धोकेही सांगून ठेवतो. रस्त्याकडेला आणि इमारतीजवळ विजेच्या केबल आणि गॅसच्या नळ्या जमिनीत असतात. तिथे खणू नये. आणि काडतूस किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं, तर हात न लावता मागे सरायचं आणि ११२ ला फोन करायचा.

गुप्तधनाचं भूत

आपल्याकडे जमिनीतल्या धनाची कल्पना फार जुनी आणि फार क्रूर आहे. पायाळू माणसाला, म्हणजे पायाकडून जन्मलेल्याला, जमिनीतलं धन दिसतं, असा समज गावोगाव होता. काही ठिकाणी तो अजून आहे. धनावर बसलेल्या नागाला बळी हवा, असं सांगणारे मांत्रिकही आहेत. या समजापायी माणसांचे, लहान मुलांचेही जीव गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्धच्या ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ साली झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं त्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरली. मांत्रिकाची जागा आता काही ठिकाणी यंत्रांच्या जाहिराती घेऊ पाहतात. शेकडो फूट खोल किंवा मैलभर दूरचं सोनं दाखवणारी काठी विकायला कुणी आला, तर सहाव्या घाताचा हिशेब आठवा. अशी काठी असू शकत नाही.

खरा डिटेक्टर हातात घेतलेलं मूल हे सगळं स्वतः पडताळून पाहू शकतं. धातूची हाक किती लांबून ऐकू येते, ती कशाने बिघडते, हे त्याने चाळीस वस्तू आणि मातीतल्या तीन पातळ्या तपासून वहीत लिहिलेलं असतं. असं मूल मोठेपणी मांत्रिकासमोर बसणार नाही. काही हजार रुपयांच्या या यंत्राची माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी कमाई आहे.

तुमच्या घरात असं यंत्र आलं, तर त्याच्याबरोबर दोनशे पानी वही आणि एक खुरपं घ्या. पहिला आठवडा नुसतं ऐका. दुसऱ्या आठवड्यात स्वतःच पुरा आणि शोधा. शेतात जाण्याआधी मालकाला विचारा. जुन्या देवळाच्या आणि गडाच्या वाटेला यंत्र नेऊ नका. सापडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा, खोली आणि तारीख लिहा, मग तो गंजका खिळा का असेना. आणि खड्डा बुजवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.